खाडीचा एक तुकडा गावाने कसा राखावा: सामोआच्या अनुभवातून कोकणासाठी

कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या गावाला आपल्या खाडीचा किंवा किनाऱ्यालगतच्या खडपाचा, म्हणजे खडकाळ पट्ट्याचा, काही भाग मासेमारीपासून राखून ठेवायचा असेल, तर कामाला कुठून सुरुवात करावी, कोणाला सोबत घ्यावे आणि कोणत्या गोष्टी मुळीच करू नयेत, हे पुढे सांगितले आहे. दाखला घेतला आहे तो दक्षिण प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचा. तिथे गावसभा, प्रमुखांची परंपरा आणि आधुनिक सागरी अभयारण्य या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आपल्याकडेही तिन्ही आहेत, पण त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नाही. सामोआची नक्कल आपल्याला करता येणार नाही आणि त्याची कारणे ओघात येतीलच. तरीही तिथल्या गावांनी ज्या क्रमाने पावले टाकली, तो क्रम उचलण्याजोगा आहे.

दोन अभयारण्ये, एका वर्षाच्या अंतराने

सामोआ हे एकाच भाषेचे आणि एकाच रीतिरिवाजांचे, परंतु राजकीयदृष्ट्या दोन प्रदेश आहेत. पश्चिमेचा सामोआ 1962 पासून स्वतंत्र देश आहे, तर पूर्वेचा अमेरिकन सामोआ अमेरिकेच्या अखत्यारीत आहे. अमेरिकन सामोआतील तुतुइला बेटावर, बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखात तयार झालेला फागातेले नावाचा छोटा उपसागर आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रवाळ खाणारे काटेरी तारामासे तिथे प्रचंड संख्येने आले आणि त्यांनी बहुतेक प्रवाळ फस्त केले. त्यानंतर तेथील स्थानिक शासनानेच प्रस्ताव पाठवला आणि 1986 साली 163 एकरांचा हा उपसागर राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

आपल्याकडे मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना निघाली ती 13 एप्रिल 1987 रोजी. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातील 3.182 चौरस किलोमीटरचा गाभा धरून त्याचे एकूण क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे क्षेत्राने ते फागातेलेपेक्षा कितीतरी मोठे. मात्र ज्यांच्या होड्या रोज त्याच पाण्यातून जात होत्या, त्या मच्छिमारांचा पहिल्यापासूनचा आक्षेप असा की आपल्याला कोणी विचारलेच नाही. त्या आक्षेपाचे ओझे हे अभयारण्य अजून वाहत आहे, आणि मालवणात ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला की चर्चा माशांवरून हटून हक्कांवर जाते, ती याच कारणाने.

फागातेलेचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. 2012 मध्ये आणखी पाच जागा त्याला जोडण्यात आल्या, क्षेत्र सुमारे 35 हजार चौरस किलोमीटरवर गेले आणि नावही ‘अमेरिकन सामोआचे राष्ट्रीय सागरी अभयारण्य’ असे झाले. विरोध तिथेही झाला. तरीही प्रत्येक जागेचे नियम वेगळे ठेवण्यात आले: फागातेलेत काहीच काढायचे नाही, तर आउनुउ बेटाजवळच्या पाण्याचे दोन भाग करून एक भाग संशोधनासाठी आणि दुसरा निरनिराळ्या वापरांसाठी ठेवला गेला. जागेगणिक नियम वेगळा असू शकतो, ही साधी गोष्ट आपल्याकडे अनेकदा विसरली जाते आणि सगळ्या किनाऱ्याला एकच काठी लावली जाते.

आधी अधिकार कोणाचा, ते पाहा

सामोआच्या जीवनपद्धतीला फाआ-सामोआ म्हणतात. तिचा पाया आइगा, म्हणजे विस्तारित कुटुंब. प्रत्येक कुटुंब आपला मताई, म्हणजे प्रमुख, निवडते आणि गावातील मताई एकत्र बसतात ती सभा म्हणजे फोनो. स्वतंत्र सामोआतील सुमारे 80 टक्के जमीन आजही परंपरेने कुटुंबांच्या आणि गावांच्या ताब्यात आहे, आणि गावासमोरचे उथळ पाणीही रिवाजाने गावाचेच मानले जाते. त्यामुळे फोनोने एखाद्या पाण्यावर ‘सा’, म्हणजे बंदी, घातली की ती पाळली जाते; कारण जमिनीचे तंटे, संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ आणि गावातील वागणूक यांचा निवाडा करणारी सभाही तीच असते.

कोकणात असा एकच अधिकार सापडत नाही. तो वाटला गेलेला असतो. काही गावऱ्हाटीच्या, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेच्या, ‘बारा-पाच’ म्हटल्या जाणाऱ्या मानकऱ्यांकडे, काही देवस्थानाकडे, काही मोहल्ल्याच्या जमातीकडे, काही मच्छिमार सहकारी सोसायटीकडे, काही रापण संघाकडे आणि कायद्याने ग्रामपंचायतीकडे. म्हणून पहिले काम असे, की आपल्या गावात पाण्याशी संबंधित कोणाचे म्हणणे कोण ऐकतो, हे नावानिशी कागदावर मांडावे. हे काम दोन-तीन संध्याकाळी वडीलधाऱ्यांशी बोलून होते, आणि ते टाळून थेट ठराव करायला गेलेला माणूस पुढे हमखास अडतो.

माझ्या मते, जिथे रापण संघ अजून चालू आहे, तिथे सुरुवात तिथूनच करावी. किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या या मोठ्या जाळ्याला अनेक घरांचे हात लागतात आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने होतात. म्हणजे कोणी केव्हा जाळे टाकायचे आणि कोणाला किती मिळायचे, हे नियम पाळण्याची सवय त्या लोकांना आधीपासून आहे. रापण नसेल तर सोसायटी. ग्रामपंचायतीचा ठराव आवश्यक आहे, पण तो शेवटी यावा. कारण पंचायत पाच वर्षांनी बदलते, आणि मागच्या पॅनेलने राखलेली खाडी पुढच्या पॅनेलने मोकळी करावी, असे होऊ द्यायचे नसेल तर ती पॅनेलची असता कामा नये.

देवाचा कौल घ्यावा काय, हा प्रश्न प्रत्येक गावात निघतो. आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत कौल घेऊन गावपळण होते आणि सगळे गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहते. एकत्रित निर्णय पाळण्याची ताकद आपल्या रिवाजांत किती आहे, हे त्यावरून कळते. देवरायाही अशाच टिकल्या. तेव्हा देवापुढे गाऱ्हाणे घालण्यास हरकत नाही. मात्र कौल बैठकीची जागा घेऊ शकत नाही. त्याच खाडीत दालदी मुसलमान आणि ख्रिस्ती मच्छिमारही जाळी टाकत असतात, त्यांना आपल्या देवाचा कौल बांधून ठेवत नाही, आणि ज्या निर्णयात ते बसलेच नव्हते तो त्यांनी पाळावा, अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

बैठका कशा घ्याव्यात

या बाबतीत स्वतंत्र सामोआचा अनुभव सर्वांत उपयोगी आहे. तेथील मत्स्य खात्याने 1995 साली गावागावांत जाऊन मासेमारीचे आराखडे गावांकडूनच करून घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या दोन वर्षांत 44 गावांनी आराखडे केले आणि त्यांपैकी 38 गावांनी आपल्या पारंपरिक पाण्याचा छोटा भाग पूर्ण बंद ठेवण्याचे स्वतःहून ठरवले. खात्याचे लोक ‘इथे राखीव क्षेत्र करा’ असे सांगायला गेले नव्हते. आधी फोनोची परवानगी घेतली जाई, मग प्रमुख, स्त्रिया आणि मताई नसलेले तरुण यांच्या वेगवेगळ्या बैठका होत, मासे का घटले याची कारणे प्रत्येक गट आपापल्या अनुभवाने सांगे, आणि अखेरीस सगळ्यांची मते एकत्र करून आराखडा फोनोपुढे जाई. एका गावाला या सगळ्याला सरासरी तीन महिने लागत.

वेगळ्या बैठका घेण्याचे कारण उघड आहे. प्रमुखांसमोर तरुण बोलत नाहीत आणि पुरुषांसमोर बायका. आपल्याकडेही गावकीच्या बैठकीत उतरंड असते, जातीची आणि मानाची, आणि तिथे कोपऱ्यात बसलेला माणूस घरी गेल्यावरच आपले खरे मत सांगतो. म्हणून कोकणात किमान चार बैठका वेगळ्या घ्याव्यात: होडीवाल्यांची, पाग (हाताने फेकायचे जाळे), गरी (गळ) आणि छोट्या जाळ्यांवर खाडीत मासे मारणाऱ्यांची, सुकतीला (ओहोटीला) कालवे, तिसऱ्या, मुळे अशा शिंपल्या आणि कुर्ल्या (खेकडे) काढणाऱ्या स्त्रियांची, आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांची. तिसरी बैठक कधीही वगळू नये. मोठ्या होडीवाल्याला खाडीचा कोपरा बंद झाल्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे तो लगेच हो म्हणतो. खरी किंमत मोजते ती गुडघाभर चिखलात उतरून दिवसाची भाजी-आमटी काढणारी बाई, आणि तिचा होकार नसेल तर त्या राखीव क्षेत्राला काही अर्थ नाही.

प्रत्येक बैठकीत तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. पूर्वी काय मिळत होते आणि आता काय मिळत नाही. ते कशामुळे, असे तुम्हांला वाटते. आणि त्यातले गावाच्या हातात काय आहे. तिसऱ्या प्रश्नावर वेळ द्यावा. पर्ससीन (मासळीचे थवे घेरणारी मोठी जाळी), एलईडी दिव्यांवरची मासेमारी, परप्रांतीय ट्रॉलर यांच्यावरचा राग खरा आणि रास्त आहे, पण त्यांच्यावरचे उपाय शासनाकडे आहेत; गावाच्या राखीव पट्ट्याने ते थांबत नाहीत. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले नाही, तर लोक भलत्याच अपेक्षेने हो म्हणतात आणि वर्षभरात निराश होतात.

जागा निवडताना

सामोआच्या गावांभोवती प्रवाळांची भिंत आणि तिच्या आत शांत, उथळ पाणी असते. तिथले पुष्कळसे मासे आयुष्यभर त्याच भागात राहतात. म्हणून तिथे लहान राखीव क्षेत्रेही उपयोगी ठरली. त्यांचे आकार सुमारे 5 हजार ते 1 लाख 75 हजार चौरस मीटर असे होते, पण एकमेकांपासून जवळ आणि संख्येने पुष्कळ असल्यामुळे त्यांचे जाळे तयार झाले. आपला किनारा तसा नाही. इथे चार महिने पावसाचा गाळ उतरतो, प्रवाळ आहे तो सिंधुदुर्गाच्या खडकांवर तुकड्यातुकड्यांनी, आणि बाजारात ज्यावर पोट चालते ते बांगडा आणि तारली हे कळपाने फिरणारे मासे आहेत. खाडीचा एक कोपरा राखल्याने बांगडा वाढणार नाही, हे निःसंदिग्धपणे सांगून टाकावे.

मग काय वाढेल? जे जागा सोडत नाही ते, आणि ज्याचे बालपण खाडीत जाते ते. कालवे आणि तिसऱ्या पहिल्या प्रकारात मोडतात, आणि खडपातली शेवंड (लॉबस्टर) व गोबरा मासाही आपला खडप फारसा सोडत नाहीत. दुसऱ्या प्रकारात कोळंबी, जी समुद्रात अंडी घालते पण जिची पिल्ले खाडीत येऊन वाढतात; चिखलातली मोठी कुर्ली, जिची मादी अंडी सोडण्यासाठी समुद्राकडे जाते आणि जिची पिल्ले कांदळवनात परततात; तसेच तांबोशी आणि जिताडा. जिताड्याबाबत एक गोष्ट मच्छिमारांना मुद्दाम सांगावी: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे खाडीतले सगळे मोठे जिताडे काढले की अंडी घालणाऱ्या माद्याच निघून जातात. गोबऱ्याचे नेमके उलट, तो आधी मादी आणि नंतर नर. अशा माशांसाठी केवळ लहान मासा सोडून देण्याचा नियम पुरत नाही. मोठे मासे सुरक्षित राहतील अशी जागाच लागते.

यावरून जागेचा अंदाज येतो. कांदळवनाच्या मुळांत शिरणारी एखादी उपखाडी, जिच्या तोंडाशी आज बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लागतात. किंवा किनाऱ्यालगतचा एखादा खडप, जो उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो. दोन्ही मिळाले तर उत्तम, नाहीतर उपखाडी घ्यावी. जागा गावातून दिसली पाहिजे. ज्या कोपऱ्यावर कोणाच्याही पडवीतून नजर जात नाही तो कितीही समृद्ध असला तरी राखता येत नाही, आणि रात्री गस्त घालण्याचा उत्साह दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, हे गृहीत धरून चालावे. क्षेत्र लहानच घ्यावे. खाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सुरुवात केली, तर विरोध सांभाळता येतो. पुढे गावाला पटले तर वाढवता येते. मोठे घेऊन मागे सरण्यात मात्र नाचक्की होते आणि पुन्हा कोणी नाव काढत नाही.

हद्द दाखवण्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. मच्छिमार डोंगराचा सुळका आणि देवळाचा कळस, किंवा एखादा माड आणि जेटीचा खांब, अशा दोन खुणा एका रेषेत धरून समुद्रातली जागा ओळखतात; तीच पद्धत वापरून चार रेषा ठराव्यात आणि त्या ठरावात लिहाव्यात. मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश सोबत जोडावेत, कारण शासकीय कागदांना तेच लागतात. पाण्यात बांबूचे खुंट रोवणार असाल तर होड्यांच्या वाटेत येणार नाहीत, याची खात्री करावी.

नियम, आणि दंडाचा नाजूक प्रश्न

नियम थोडे असावेत. राखीव पट्ट्यात कोणतेही जाळे नाही, गळ नाही, कालवे फोडणे नाही, कांदळ तोडणे नाही. पट्ट्याबाहेर, पण संपूर्ण खाडीसाठी, विष आणि स्फोटके यांच्यावर बंदी. सामोआच्या गावांनीही स्फोटके, ब्लीच आणि वनस्पतींचे विष यांवरची बंदी आपल्या आराखड्यांत घातली होती, आणि आपल्या खाड्या-नद्यांत ब्लीचिंग पावडर टाकणारे लोक कोणत्या गावात नाहीत? ही बंदी तर कायद्याने आहेच, पण गावाने ती आपल्या शब्दांत मांडली की तिचे वजन वाढते. पहिल्या पावसात चढणीचे मासे मारण्यावर काय करायचे, याचाही निर्णय घ्यावा. वलगणीचा, म्हणजे असे चढणीचे मासे पकडण्याचा, आनंद मलाही कळतो, पण चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो, तेव्हा निदान ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून वाट पूर्ण बंद करू नये, एवढे तरी ठरवता येईल.

आता दंड. इथे सामोआ आणि कोकण यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात. सामोआत फोनो नियम मोडणाऱ्या कुटुंबाला डुकरे, तारो कंद किंवा डबाबंद मासळीची खोकी अशा रूपात दंड करते, आणि गंभीर प्रसंगी गावाबाहेरही काढते. शिवाय तेथील 1988 च्या मत्स्य कायद्यापासून गावाचे नियम शासनाने मान्य करून प्रसिद्ध केले की ते बाहेरच्यांनाही लागू होतात आणि बाहेरचा माणूस न्यायालयापुढे नेता येतो. आपल्या गावाला यांपैकी काहीही करता येत नाही. किनाऱ्याजवळचा समुद्र आणि खाडी शासनाच्या मालकीची आहे, आणि कोणाला वाळीत टाकणे, त्याचे पाणी, वाट किंवा देवळातला मान तोडणे हा 2016 च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा योग्य आहे, आणि मासे वाचवण्याच्या नावाखाली त्याला वळसा घालण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये.

मग हातात काय उरते? सभासदत्वाचे बंधन. सोसायटी किंवा रापण संघ यांनी आपल्या सभासदांपुरता लेखी नियम करावा, तो सर्वांनी सही करून मान्य करावा, आणि मोडल्यास त्या हंगामातील संघाची एखादी सोय काही दिवस थांबेल, असे आधीच ठरवावे. अर्थात ते संस्थेच्या उपविधींत बसते की नाही, हे सहकार खात्याकडून तपासून घेऊन. बाहेरच्या होडीला गावाने अडवू नये, पकडू नये, जाळे कापू नये. तारीख, वेळ, होडीचा नोंदणी क्रमांक आणि छायाचित्र घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर त्याखालील काही दंड लाखांच्या घरात गेले आहेत. त्यामुळे तक्रार पुराव्यानिशी असेल तर ती पोकळ राहत नाही.

कागदाचा आधार किती आणि कोणता

सुरुवातीला कोणत्याही अधिसूचनेच्या मागे लागू नये, असा माझा सल्ला आहे. दोन-तीन वर्षे गावाने स्वतः राखून दाखवावे आणि मग पुढचे पाऊल टाकावे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून त्या पट्ट्याची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करून घेणे, हे सर्वांत सोपे आणि निर्धोक काम आहे. त्यापुढे 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 37 खाली वारसा स्थळाचा मार्ग आहे. सिंधुदुर्गातच, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या जंगलाला तो दर्जा मिळालेला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात समूह राखीव क्षेत्राची तरतूद आहे, पण ती खाजगी किंवा सामूहिक जमिनीसाठी आहे, आणि खाडी त्यात बसत नाही. शासकीय मालकीच्या जागेसाठी त्याच कायद्याच्या कलम 36-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र होऊ शकते. त्यासाठी स्थानिक लोकांशी सल्लामसलत बंधनकारक आहे आणि व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचा प्रतिनिधी असतो.

काही गोष्टी मात्र आजच कायद्याच्या आहेत आणि त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही. समुद्री कासवे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. जाळ्यात कासव अडकले आणि जाळे कापून ते सोडले, तर छायाचित्राच्या पुराव्यावर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात 2018 पासून आहे. प्रत्येक होडीवाल्याला ती माहीत असली पाहिजे.

वेळ, सण आणि बंदी

सामोआत पालोलो नावाचा समुद्री किडा वर्षातून एकदा, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये, पौर्णिमेनंतर साधारण आठवड्याने, रात्री खडकांतून पृष्ठभागावर येतो. लोक मोसोओईच्या सुगंधी फुलांच्या माळा घालून, दिवे आणि बारीक जाळी घेऊन उथळ पाण्यात उतरतात. समुद्राचे वेळापत्रक चंद्रावर वाचण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांवर आपली सगळी खाडी चालते.

आपल्याकडचा सर्वांत उपयोगी धागा नारळी पौर्णिमेचा आहे. शासनाची पावसाळी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते, तर परंपरेने होडी लोटायची ती समुद्राला नारळ दिल्यावर. श्रावण अधिक असला की हे अंतर चांगलेच वाढते. 2023 मध्ये नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली होती. गावाने आपल्या सभासदांपुरते ‘नारळ दिल्याशिवाय खाडीत जाळे नाही’ असे ठरवले, तर मासळीला वाढायला जादा दिवस मिळतात आणि नियम समजावून सांगण्याची गरजही उरत नाही. ज्यांचे पोट रोजच्या खाडीवर आहे त्यांना गळ आणि पाग यांची सूट द्यावी. राखीव पट्टा अर्थातच बारमाही बंद ठेवावा.

कासवांच्या बाबतीतही रिवाज आहे, पण तो पुरेसा नव्हता. देवळाच्या मंडपात दगडी कासवाला हात लावून पुढे जाणारी माणसेच वाळूतली अंडी खोदून नेत असत. वेळास येथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन अंडी सुरक्षित कुंपणात हलवण्याचे काम सुरू केले, पुढे 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुणे घरोघरी राहू लागले, तेव्हा हे चित्र बदलले. श्रद्धेला रोजगाराची जोड मिळाली.

चूल कशी चालेल

बंद केलेल्या पाण्याच्या मोबदल्यात काय, हा प्रश्न सामोआच्या कार्यक्रमाने पहिल्यापासून हातात घेतला होता. उथळ पाण्यावरचा भार कमी व्हावा म्हणून प्रवाळांच्या भिंतीपलीकडे जाऊन मासे मारण्यासाठी स्वस्त होड्यांचा आराखडा दिला गेला, गोड्या पाण्यात तिलापिया सोडण्यास मदत झाली, आणि राखीव क्षेत्रांत मोठ्या शिंपल्यांची पिल्ले आणून ठेवण्यात आली. आपल्याकडे राज्याच्या कांदळवन कक्षाची संवर्धन व उपजीविका योजना आहे, जिच्यातून गटांना खेकडापालन, कालवेपालन आणि पर्यटनासाठी साहाय्य मिळते. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्त्रियांचा बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. अर्ज करताना पहिला हक्क सुकतीला जाणाऱ्या त्याच स्त्रियांचा राहील, असे ठरावात नमूद करावे, नाहीतर लाभ नेहमीच्या चार घरांतच जातो.

पर्यटन येणार असेल तर त्याचेही नियम आधीच करावेत. प्रवाळ असलेल्या खडपावर नांगर टाकू नये, होडी बांधण्यासाठी कायमचा तरता बोया असावा, माशांना पाव-बिस्किटे घालू नयेत आणि कोणालाही प्रवाळावर उभे राहू देऊ नये. ज्या दिवशी पाणी गढूळ असते त्या दिवशी फेरी बंद.

नोंदी आणि पुन्हा उघडण्याचा मोह

मोजमाप साधे ठेवावे, पण एकाच पद्धतीचे. राखीव पट्ट्याच्या हद्दीबाहेर ठरलेल्या दोन जागी, दर महिन्याच्या अमावास्येनंतरच्या ठरलेल्या दिवशी, त्याच आसाचे जाळे तेवढाच वेळ लावून काय मिळाले ते लिहावे: जात, नग, आणि सर्वांत मोठ्या माशाची लांबी. आत जाळे लावण्याची गरज नाही. आतले कालवे खडकावर एक हात लांब-रुंद चौकट ठेवून मोजता येतात. वही शाळेत ठेवावी, संघाच्या अध्यक्षांच्या घरी नव्हे. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिले आहेत, त्यांतल्या आपल्या खाडीत मिळणाऱ्या जातींची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी. पहिल्या वर्षी आकडे काहीच बोलत नाहीत. कालवे लवकर दिसू लागतात, जिताड्याला वर्षे लागतात.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, एखाद्या लग्नसराईच्या किंवा जत्रेच्या आधी, ‘आता मासे पुष्कळ झाले, एक दिवस उघडू या’ असा प्रस्ताव येतो. कुठल्याही राखलेल्या पाण्यात वर्षानुवर्षे वाढलेली मासळी दोन-चार दिवसांत संपवता येते, कारण माणसाला न घाबरणारा मोठा मासा पकडायला सर्वांत सोपा असतो. म्हणून उघडण्याची अट पहिल्याच ठरावात लिहून ठेवावी: चारही गटांच्या वेगळ्या बैठकांत बहुमत मिळाल्याशिवाय उघडायचे नाही, आणि उघडले तरी फक्त कालवे आणि तिसऱ्या, हाताने काढलेल्या, तेही एकाच ओहोटीपुरत्या. ठरावाची मुदत एका वर्षाची ठेवावी. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी मागील वर्षाची वही सर्वांसमोर वाचली जावी, हद्दीच्या चारही खुणा पुन्हा मोठ्याने वाचाव्यात, आणि मग नव्या सह्या घ्याव्यात. ज्यांनी गेल्या वर्षी सही केली नव्हती, त्यांच्या घरी बैठकीपूर्वी जाऊन यावे.